धाकलू पेंटरने गाळलेलं शून्य

कर्जतपासून खालापूरपर्यंत कितीतरी दुकानांवरची नावं धाकलू पेंटरच्या हातची. फ्लेक्स आले, बाकीचे पेंटर घरी बसले, पण धाकलूचा ब्रश सुटला नाही. त्याची अक्षरं म्हणजे पंगतीला बसलेली माणसं. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

गावच्या स्मशानाला छप्पर नव्हतं. गेल्या श्रावणात त्याच्या बायकोची, सोनाबाईची चिता चौघांनी वर पत्रे धरून पेटवली, तरी दोनदा विझली. म्हणून समितीने शेडच्या वर्गणीचा बोर्ड सांगितला, तेव्हा धाकलूने मजुरी घेतली नाही. खातं नंबर, बँकेच्या शाखेचा कोड, सगळं रंगवलं. बोर्डाचा फोटो मुंबईत कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर गेला.

पाच महिने रुपया आला नाही. "पोरं मुंबईला गेली नि गावाला इसारली," धाकलू भेटेल त्याला सांगायचा.

एका रविवारी ठाण्याहून त्याची पुतणी सोनाली आली.

"पैसं का पाठवत नाय गं तुमी?"

"काका, फोन पैसं घेतच नाय. कोड चुकीचा म्हणतो. ग्रुपवर बोलतात, समितीच बोगस हाय, फसवायला बोर्ड लावलाय."

"माझा बोर्ड बोगस? चल, दाव."

बोर्डापाशी सोनालीने बोटाने मोजलं. "चार अक्षरं बँकेची, मग एक शून्य, मग शाखेचे सहा आकडे. अकरा लागतात काका. हितं दहाच हायत."

धाकलूला बोर्ड रंगवला तो दिवस आठवला. कोडाची ओळ खात्याच्या ओळीपेक्षा जरा लांब जात होती. शेवटच्या सत्तावन्नच्या आधी पाच शून्यं उभी होती. आकड्याच्या डाव्या अंगाच्या शून्याला किंमत नसते, हे तो शाळेत शिकला होता. त्याने एक गाळलं. दोन्ही ओळी कशा सारख्या झाल्या होत्या.

"एका शून्यानं गाव लबाड ठरलं?" धाकलू म्हणाला.

आठवड्यापूर्वीच शेजारच्या भागीच्या सासऱ्याला भर पावसात पत्रे धरून जाळलं होतं. चितेपाशी उभं राहून धाकलूने मुंबईकरांना शिव्या घातल्या होत्या.

सोनालीला त्याच्याकडे बघवेना. "समितीनं नवा कोड दिलाय, असं टाकते. तुमचं नाव कशाला?"

धाकलू उठला. घरून रंगाचे डबे आणले. एका शून्यापुरती जागाच नव्हती. अख्ख्या ओळीवर पांढरा हात मारला, वाळेपर्यंत समोर बसून राहिला. मग अकराही खुणा काढल्या. ओळ बाहेर गेली, जाऊ दिली.

"काढ फोटो. खाली लिही, समिती खरी हाय, शून्य धाकलूनं गाळलं."

सोनालीचं बोट फोनवर थांबलं.

"लिही गं," तो म्हणाला.