प्रोकॉप बाई आणि ओटिसचं वजन

प्रोकॉप बाईंना मी बारा वर्षं ओळखतो. त्या आळशी असत्या तर मला सोपं गेलं असतं. नावं ठेवायला काहीतरी सापडलं असतं.

आमच्या हायस्कुलात त्या जनावरं शिकवतात. खुराक, वीण, रोग, खूर कापणं, आणि शेवटी कुठलं मांस कुठून निघतं ते. पहाटे साडेपाचला त्यांची गाडी शाळेच्या गोठ्यापाशी उभी असते. उन्हाळ्यात बाकीचे मास्तर तळ्यावर मासे धरायला जातात, या बाई घरोघर फिरतात. पोरांनी पाळलेली मेंढरं, वासरं, डुकरं जागेवर जाऊन बघतात. अडतीस पोरं, प्रत्येकाकडे दोन खेपा. फाटक स्वतः उघडतात आणि जसं बांधलेलं होतं तसंच परत बांधतात. कुंपणात शिरण्याआधी बादलीत बूट धुतात, एका घरचा रोग दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून. कुणी बघत नसलं तरी धुतात. मी खिडकीतून बघितलं आहे.

मी चौतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात काढली. खांदा वेगळा करायचा, दिवसाला हजारावर डुकरं. आता उजवा हात कानाच्या वर जात नाही. डुक्कर आतून कसं असतं हे या नेब्रास्कात माझ्याइतकं थोड्यांना माहीत असेल. पण ते मला कुणी कधी विचारलं नाही.

माझी नात ब्रिन आमच्याकडेच राहते. तिची आई लिंकनला नोकरी करते, शनिवारी येते. ब्रिन सोळा वर्षांची, प्रोकॉप बाईंच्या वर्गातली. मार्चमध्ये तिने ओटिस आणला, डुकराचं पिल्लू, काळा, खांद्यावर पांढरा पट्टा, खच्ची केलेला. त्याचं कुंपण मी घातलं. खांब तीन फूट खोल पुरले, एका हाताने. पण जेवायला बसलं की पोरीच्या तोंडी एकच. प्रोकॉप बाई म्हणतात पेंढा कोरडा पाहिजे. प्रोकॉप बाई म्हणतात पाणी दोनदा बदल. पेंढ्याचं मी तिला मार्चमध्येच सांगितलं होतं. तेव्हा ती हूं म्हणाली होती. बाईंनी एप्रिलमध्ये सांगितलं तेव्हा ते खरं झालं.

माझी बायको म्हणायची, तिला कुणीतरी शिकवतंय याचा आनंद मान. मी मान डोलवायचो.

काउंटीच्या जत्रेत डुकरं स्पर्धेच्या रिंगणात उतरवायची तर वजन दोनशे नव्वद पौंडांच्या आत लागतं. एक पौंड वर गेला की घरी. मार्चपासून ब्रिन रोज सकाळ-संध्याकाळ ओटिसला मैलभर चालवत होती. मान वर ठेवून, काठीच्या नुसत्या स्पर्शाने. एकही दिवस चुकवला नाही. हे मी कुणाबद्दल सहसा म्हणत नाही.

जत्रेला दहा दिवस उरले तेव्हा बाई आल्या. बूट धुतले. ब्रिनच्या हातात टेप दिला. ब्रिनने छातीचा घेर घेतला, लांबी घेतली, घेराचा वर्ग करून लांबीने गुणलं, चारशेने भागलं. दोनशे एकोणऐंशी.

मी म्हणालो, दोनशे अडुसष्टच्या वर नाही. पाठ रिकामी दिसते आहे, याला मका घाला.

बाईंनी ओटिसच्या पाठीवरून हात फिरवला. "वेंडेल, तुम्ही आयुष्यभर डुकरं उलटी टांगलेली बघितलीत," त्या म्हणाल्या. "हे अजून चार पायांवर आहे."

वाईट हेतूने म्हणाल्या नाहीत. पण ब्रिन हसली. पोटापासून हसली. माझ्याबरोबर ती तशी कधी हसली होती ते मला आठवेना.

बाईंनी खुराक कमी करून दिला. दळलेले ओट्स, मोजून, म्हणजे वजन जागेवर राहील. ब्रिनने खुराकाचा कागद कुंपणाला टाचला.

दुसऱ्या दिवसापासून ब्रिन ओटिसला फिरवून आणून शाळेच्या गोठ्यावर कामाला गेली की मी त्याला अख्खा मका घालू लागलो. दोन डबे. नऊ दिवस. मनात चित्र स्पष्ट होतं. पाठ भरलेली, ओटिस पहिला, आणि परीक्षक विचारतो की या डुकराला घातलंय काय. मग मी सांगणार होतो. बाईंच्या समोर. ओटिस माझं पाऊल ओळखायला लागला. मी दिसलो की फाटकाशी यायचा. तिच्यासाठी येतो त्याहून लवकर यायचा, याचंही मला बरं वाटायचं.

जत्रेत वजनकाट्यावर गार्थ योस्ट होता, कारखान्यातला माझा जुना जोडीदार. ओटिस पिंजऱ्यात शिरला. गार्थने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"वेंडेल, हे डुक्कर आहे का तुझा मेहुणा?" तो म्हणाला. "दोनशे त्र्याण्णव."

ब्रिनने आकडा स्वतः वाचला. परत वाचला. गार्थने नियम सांगितला. काटा बारापर्यंत उघडा, आणखी एकदाच वजन करता येईल. तेव्हा साडेदहा झाले होते.

यावर आमच्याकडे सगळे एकच उपाय करतात. डुकराला चालवायचं, म्हणजे ते पोट मोकळं करतं. तीन पौंड दीड तासात उतरतात, मी उतरलेले बघितले आहेत. ब्रिन गोठ्यांच्या मागच्या वाटेवर ओटिसला घेऊन निघाली. बाई घड्याळ बघत सावलीच्या बाजूने चालल्या. मी मागे.

तिसऱ्या फेरीला ओटिसने शेण टाकलं. ब्रिन वाकली. काठीच्या टोकाने ते तिने पसरलं, अगदी शाळेत शिकवतात तसं, आधी रंग, मग घट्टपणा. त्यात मक्याचे दाणे होते. पिवळे, अख्खे, भरपूर.

"आपला खुराक दळलेला आहे," ती बाईंना म्हणाली. "मी मका घातलेला नाही. एक दाणा नाही, शपथ."

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर मला चिडता आलं असतं. त्यांना समजलं होतं, आणि बोलायचं का नाही ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

"मी घातला," मी म्हणालो. "दोन डबे, रोज."

ब्रिन शेणाकडेच बघत राहिली. "का?"

पाठ रिकामी होती, असं मी म्हणालो. ते खोटं होतं आणि तिला कळलं.

"तुम्हाला बाईंचं म्हणणं बरोबर ठरायला नको होतं," ती म्हणाली. "एवढंच ना, आजोबा?"

ती उठली आणि ओटिसला पुढे घेतलं. अजून दोन फेऱ्या. ऊन चढलं. ओटिस तोंड उघडून धापा टाकू लागला, मागचे पाय ओढू लागला. अकरा वाजून दहा मिनिटं. माझ्या डोळ्याला तो दोनशे एक्क्याण्णवच्या आसपास दिसत होता.

"अजून एक फेरी," मी म्हणालो. "उतरला बघ. एका पौंडाचाच प्रश्न आहे."

ब्रिनने बाईंकडे बघितलं. मला वाटलं बाई आता हुकूम देतील, थांब किंवा चल, आणि जे होईल ते त्यांच्या माथी जाईल.

"जनावर तुझं आहे," बाई म्हणाल्या. "तू बघ आणि तू ठरव."

ब्रिनने ओटिसच्या कानामागे हात ठेवला. फासळ्यांकडे बघत श्वास मोजले. ओठ हलत होते. मग तिने काठी खाली टाकली.

"पाणी आणा," ती म्हणाली. "याला भिजवायचंय."

भिजवलं की संपलं. प्यायलेलं पाणी आणि अंगावरचं पाणी, सगळं काट्यावर येतं. हे तिला माहीत होतं. तरी मी म्हणालो की ब्रिन, विचार कर, मार्चपासूनचं काम आहे.

"डुकराला घाम येत नाही, आजोबा, उन्हात मरतं ते. तुम्हाला हे माझ्याआधी माहीत होतं."

माहीत होतं. कारखान्यात धापा टाकणाऱ्या डुकरासाठी आम्ही सरकता पट्टा एकदाही थांबवला नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. मला त्या क्षणी ओटिसचं वाईट वाटायला हवं होतं, ब्रिनचं तरी. वाटलं ते दुसरंच. ही पोर माझ्या घरात वाढली, माझ्या टेबलाशी जेवली, आणि हे करायला तिला त्या बाईने शिकवलं. मला ते शिकवता आलं नसतं, कारण मला ते येतच नव्हतं.

नळ गाईंच्या गोठ्यापाशी होता, दोनशे पावलांवर. मी बादल्या आणल्या. अर्ध्या नाही, काठोकाठ, डाव्या हाताने एकेक. ब्रिन आणि बाई ओटिसच्या दोन बाजूंना चिखलात बसल्या होत्या, ओली फडकी त्याच्या मानेवर, काखेत दाबत. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. मी जवळ गेलो की बोलणं थांबत नव्हतं, पण मला त्यात जागाही नव्हती.

चौथ्या बादलीला ओटिसची धाप बसली. सहाव्याला त्याने तोंड मिटलं. काट्याची घंटा बाराला वाजली तेव्हा कुणी मान वर केली नाही.

बाई थोड्या सरकल्या. बसा म्हणाल्या नाहीत, नुसत्या सरकल्या, एका माणसापुरत्या. मी सातवी बादली घेऊन उभा होतो.

"ठेवा तिथे," ब्रिन म्हणाली.

मी बादली ठेवली आणि रिकामी उचलून परत नळाकडे गेलो.