उदबत्तीनं तपासलेली पेटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका लाकडी पेटीच्या सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. उदबत्ती बायकोच्या हातात होती. मी खाली फतकल मारून धूर बघत होतो. देवघरात नाही, तांबरमच्या आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यातल्या दुपारी. बनियन अंगाला चिकटलं होतं.

पेटी म्हणजे मोटारीच्या डिकीत ठेवतात ती. मोठ्या स्पीकरची, सबवूफरची. गाण्यातला खालचा आवाज, जो कानापेक्षा पोटात जास्त कळतो, तो त्यातून येतो. माझा धंदा तोच. मी सुतार, शिक्षण चौथीपर्यंत. मिरजेकडून मामाच्या मागं मद्रासला आलो, मामा हवाई दलाच्या कँटीनमध्ये होता. पुष्कळ वर्षं कपाटं आणि दिवाण केले. मग दोन हजार साल आलं, शहराचं नाव चेन्नई होऊन गेलेलं, आणि इथल्या तरण्या पोरांना गाडीत बेस पाहिजे झाला. पुदुपेटच्या एका गाडीसामानाच्या दुकानदारानं पेट्या करून मागितल्या. तेव्हापासून कपाटं सुटली.

उदबत्तीचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बंद पेटीत हवा कोंडलेली असते. स्पीकरचा पडदा आत आला की ती हवा त्याला गादीसारखी मागं ढकलते, फार आत जाऊ देत नाही. सांध्यात केसाएवढी फट राहिली तर हवा तिथून फुसफुसते. मग गादी बसते, पडदा नको तेवढा धावतो, आतली कॉइल आपटते आणि एक दिवस जळक्या वार्निशचा वास येतो. गिऱ्हाईक म्हणतं, स्पीकर वाईट होता. स्पीकर वाईट नसतो. त्याला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं.

ती फट शोधायला मी आधी साबणाचं पाणी लावायचो. पाण्यानं बोर्ड फुगायचा. एका सकाळी ही पूजा आटपून हातात उदबत्ती घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "लाकडाला आंघोळ कशाला घालताय? आत आवाज सोडा, मी धूर फिरवते." आत जाड आवाज सोडला, तिनं सांध्यावरून उदबत्ती नेली. एका जागी धूर थरथरला आणि बाजूला झुकला. तिथंच फट. त्या दिवसापासून आमची एकही पेटी उदबत्तीशिवाय बाहेर गेली नाही. दुकानदाराला वाटायचं आम्ही पूजा करून पाठवतो. पेटीला चंदनाचा वास यायचा ना.

ती तंजावरकडच्या मराठी घरातली, पण जन्म इथला, मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतला. तिची मराठी जुनी, मधे मधे तमिळ, आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट वर. लग्नानंतर मी म्हटलं होतं, "तुझी मराठी म्हणजे सांबारात पडलेली पुरणपोळी."

ती म्हणाली, "आणि तुमची? जेवायला या म्हणता ते मारायला बोलावल्यासारखं."

तिचे वडील, तिचे अप्पा, भजनात मृदंग वाजवायचे. लहानपणापासून ती त्यांच्या शेजारी बसलेली, त्यामुळं कान असा तयार की कातडं जरा सैल झालेलं सुद्धा कळायचं. माझे कान या धंद्यानं गेले. रोज छातीवर धडधड घेतल्यावर काय राहणार? आवाज फाटायला लागला तरी मला समजेना. आणि फाटलेला आवाजच वूफरला मारतो, मोठा आवाज तेवढा मारत नाही. म्हणून गाडीत पेटी बसवली की ती मागच्या सीटवर बसायची, तळहात पेटीवर ठेवायची. मी डिकीपाशी वाकून अँपचं बटण हळूहळू फिरवायचो. ती म्हणायची, "पोदुम." बास. मी तिथं थांबायचो, बटण थोडं मागं घ्यायचो आणि बटणावर रंगाचा ठिपका द्यायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, याच्या पुढं न्यायचं नाही.

कधी कुणी पोरगं म्हणायचं, "आंटी, अजून थोडं चालेल की."

ती म्हणायची, "चालेल राजा. मग पुढच्या आठवड्यात याला चौघांच्या खांद्यावरून ने."

पाइपवाली पेटी तिला आवडायची नाही. त्या पेटीला बाहेर भोक असतं, पाइप असतो. आवाज भरदार येतो, पण अगदी खालच्या सुराला हवेचा आधार सुटतो आणि पडदा वाऱ्यावरच्या धोतरासारखा फडफडतो. तिथं अँपमधूनच तो तळाचा आवाज कापून टाकावा लागतो. ती म्हणायची, "ही पेटी तुमच्यासारखी. आवाज मोठा, आधार काही नाही." सीटखालच्या चपट्या पेटीला ती दोसा म्हणायची. स्पीकरपुढची लोखंडी जाळी मात्र प्रत्येक पेटीला ती लावायला लावायचीच. अड्यारच्या एका टॅक्सीवाल्यानं नको म्हटलं, दिसायला बरी नाही म्हणून. मग डिकीत पाण्याचा कॅन ठेवला, वळणावर कॅन कलंडला तो पडद्यातून आरपार. पडदा फाटला, कॅनही फुटला, डिकीत तळं. तो पेटी घेऊन परत आला तेव्हा हिनं विचारलं, "आता दिसायला बरी आहे का?"

मला ज्याची रुखरुख आहे ते आता सांगतो.

अप्पांच्या भजनाची एक कॅसेट तिच्याकडं होती. कुणीतरी मठात बसून भरलेली. अप्पा गेल्यावर त्यांच्या हाताचं तेवढंच राहिलं. ती घरातल्या लहान टेपवर लावायची. त्या टेपमधून मृदंगाची उजवी बाजू यायची, टक टक टक. डावी यायचीच नाही. डावी बाजू खालची, घुमणारी, ती त्या चिमुकल्या स्पीकरला कुठून झेपणार?

ती म्हणायची, "माझ्या अप्पाचा एकच हात ऐकू येतो. दुसरा कुठं गेला?"

मी म्हणायचो, "कॅसेटमध्ये आहे. पेटी पाहिजे."

"मग करा की. जगाच्या पेट्या करता ना."

आमच्याकडं जुनी व्हॅन होती, पेट्या पोचवायला. तिच्यात पेटी बसवायची आणि समुद्रावर नेऊन तिला कॅसेट ऐकवायची, असं ठरलेलं होतं. किती वर्षं ठरलेलं होतं ते मोजत नाही. आज याची गाडी, उद्या त्याची. पोंगलला घाई, दिवाळीला घाई, मधल्या दिवसांत मी थकलेला. ती रागावली असती तर मी केली असती, असं वाटतं. ती रागवायची नाही. नुसतं विचारायची, "अप्पाचा हात कधी?" आणि दुसऱ्याच्या पेटीला काळं कापड चिकटवायला घ्यायची. शेकडो लोकांच्या गाड्यांत तिचा तळहात फिरला. आणि ऐकलं काय, तर माझा तपासायचा तो घूं आवाज. गाणं लावायच्या आधी गिऱ्हाईक गाडी घेऊन जायचं.

शेवटी त्या मे महिन्यात मी पेटी केली. बंद पेटी, मृदंगाला तीच चांगली. चांगला बोर्ड घेतला, आतून वार्निश दिलं, कारण इथली समुद्राची हवा बोर्डात शिरते आणि तो बिस्किटासारखा फुगतो. नवीन स्पीकर आणला. स्पीकरच्या कडेखाली बसवायची फोमची पट्टी कापून ठेवली, बरोबर गोलाईच्या मापाची. दुपारी तपासायचा जुना स्पीकर भोकावर आवळला, आवाज सोडला, ती उदबत्ती घेऊन बसली.

मागच्या खालच्या कोपऱ्यात धूर झुकला.

"इथं," ती म्हणाली. "स्वतःच्या घरचं काम म्हणून हात आखडता घेतलात का?"

जुना स्पीकर काढला. त्या कोपऱ्याच्या पुढं मी आतून आडवी पट्टी ठोकलेली होती, माझा पंजा तिच्या मागं जाईना. तिचा हात बारीक. तिनं बोटावर फट बुजवायचं सिलिकॉन घेतलं, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि कोपऱ्यात दाबून बसवलं. हात बाहेर काढला तर नाक मुरडलेलं. ओल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो.

"आता लावा स्पीकर. कॅसेट आणते."

"आज नाही. उद्या."

"का?"

"ओलं आहे. आवाज सोडला तर हवा तिथंच पुन्हा भोक पाडेल. आणि तो वास आत कोंडला की नव्या स्पीकरची कड खातो."

"एकच गाणं हो."

"एक दिवस थांब. इतकी वर्षं थांबलीस ना?"

"थांबले," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

मी बोललो ते चुकीचं नव्हतं. आज कुणी विचारलं तरी हेच सांगेन, ओल्या सिलिकॉनवर स्पीकर चढवायचा नाही. पण ती पेटी आदल्या वर्षी केली असती, त्याच्या आदल्या वर्षी केली असती, तर त्या दुपारी काही ओलंच नसतं. मला जे टोचतं ते हे.

संध्याकाळी तिनं कॉफी केली आणि पायरीवर बसली. म्हणाली छाती भरून आली आहे, गॅस असेल. मी जिरं आणायला आत गेलो. परत आलो तर भिंतीला टेकून बसलेली, घाम आलेला, कॉफी सांडलेली. शेजारच्या अक्काच्या नवऱ्याची रिक्षा होती, त्यानं तिला उचलून आत घातली. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. दवाखान्यात डॉक्टरनं मनगट धरलं आणि सोडलं. त्यानं तमिळमध्ये सांगितलं, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

लेक दुबईला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. मे महिना. इथं अशा वेळी बर्फाची पेटी भाड्यानं आणतात, वर काच, खाली मशीन. अक्कानंच फोन केला. माणसानं पेटी आणली, बाहेरच्या खोलीत लावली, तिला आत ठेवली आणि निघून गेला. अक्कानं एका केळ्यात उदबत्त्या खोचून पेटीच्या डोक्याकडं ठेवल्या. खोलीत त्या मशीनचा घूं आवाज भरून राहिला. मला खालचा आवाज कळतो. रात्रभर तोच.

ती व्हॅनची पेटी अजून शेडमध्ये आहे. नवा स्पीकर त्याच्या खोक्यात. लेक दर वेळी म्हणते, "बाबा, बसवा ना, मी ऐकते आजोबांचा हात." मी म्हणतो, बघू. मला आवाज कुठं फाटतो ते कळत नाही, आणि पोदुम म्हणणारं कुणी नाही. बोर्डाची एक कड फुगायला लागली आहे.

त्या रात्रीनंतरच्या सकाळचं सांगतो आणि थांबतो.

समई होती म्हणून पंखा बंद ठेवला होता. लोक यायचे, उभे राहायचे, जायचे. मी खुर्चीत बसून उदबत्तीकडं बघत होतो, काचेकडं बघायचं नाही म्हणून. धूर सरळ वर जायला हवा होता. तो पेटीच्या कोपऱ्याशी गेला की थरथरायचा आणि बाजूला झुकायचा. मी उठून जवळ गेलो. काचेच्या झाकणाखालचं रबर त्या कोपऱ्यात तुटलेलं होतं, आणि बाहेरून काचेवर पाण्याचे थेंब जमले होते. गार हवा निघून चालली होती. लेक यायला अजून दुपार व्हायची होती.

मी केळ्यातली एक उदबत्ती काढली आणि सांध्यावरून फिरवत चाललो. पायाकडं गेलो, पलीकडून वर आलो.

अक्का धावत आली. "अहो, हे काय करताय? बसा, बसा तुम्ही."

"फट आहे," मी म्हटलं. "एकाच कोपऱ्यात. बाकी ठीक आहे."

ती नवऱ्याकडं बघायला लागली. त्यांना वाटलं म्हातारा गेला कामातून.

मी शेडमध्ये गेलो. पेटीच्या भोकात तोंड घालून वास घेतला. वास गेला होता. सिलिकॉन वाळलं होतं. बॅटरी मारून बघितलं तर कोपऱ्यात तिचं बोट फिरलेलं दिसत होतं. टेबलावर फोमची पट्टी होती, आमच्या स्पीकरसाठी कापलेली. दुसरी नव्हती. मी तीच घेतली, कात्री घेतली आणि घरात आलो.

अक्काच्या नवऱ्याला म्हटलं, "झाकण धर." त्यानं धरलं. तुटलेलं रबर उपटलं, जागा पुसली, पट्टी मापानं कापली, मागचा कागद सोलला आणि अंगठ्यानं दाबत दाबत कोपऱ्यात वळवून बसवली. हे करताना तिचं तोंड माझ्या हाताखाली होतं. केसात लाकडाच्या भुशाचा एक कण अडकलेला होता, कालचा. तो काढला नाही. झाकण खाली घेतलं.

मग पुन्हा उदबत्ती घेतली आणि त्या कोपऱ्यापाशी धरून उभा राहिलो. धूर सरळ वर गेला. अजून थोडा वेळ धरली, खात्री करायला. आणि उदबत्ती परत केळ्यात खोचली.