घरतबाईंचे पाच सेकंद

घरतबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी कोलाडला, हायवेवरच्या एका हॉटेलात, मिसळीत पाव बुडवत होतो. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर कुणीतरी लिहिलं, "घरतबाई गेल्या." खाली लगेच गडब गावच्या एका तरुण शिक्षकाचा प्रश्न, "कशावरून?" दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर असं विचारणाऱ्याला लोकांनी फाडून खाल्लं असतं. आमच्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. थोड्या वेळाने बाईंच्या भाचीने लिहिलं, "मी उशाशी बसले होते." मग त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी लिहिलं, "मीही." दोन साक्षी झाल्या, तेव्हा कुठे आम्ही ते खरं मानलं... पाव तसाच वाटीत राहिला.

दोन साक्षींचा हा नियम बाईंचाच. त्या पेणच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, मी रोह्याच्या. राहतो जवळच्या वरसे गावात, आणि गणपतीतल्या नाटकात राजापासून राक्षसापर्यंत मिळेल ते काम करतो. आमची ओळख एका प्रशिक्षणात झाली. तिथे आम्हाला वर्गात दाखवायला म्हणून एक व्हिडिओ दाखवला. धूळ, तलवारी, नगारे, आणि पडदा फाडून बाहेर येतील असे घोडे! टाळ्या पडल्या, सगळ्यात मोठ्या माझ्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून शांत आवाज आला, "घोडे झकास आहेत. पण ह्यांना चारा कोण घालायचं?" मी वळून पाहिलं. सुती साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, तोंडात बडीशेप. त्या क्षणी मी त्या बाईचा चेला झालो. मला ते कळायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली.

चारा घालणाऱ्यांसाठी मग बाईंनी साईट काढली. भाचीकडून शिकून, दहादा चुकून, पण काढली. पुस्तकातल्या धड्यात आपल्या भागाबद्दल दोन ओळी असतील तर बाईंच्या साईटवर सहा मिनिटांचा धडा असायचा : मिठागरात राबलेल्या माणसाचा आवाज, जुना फोटो, मुलांनी घरी जाऊन विचारायचे चार प्रश्न. प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट, "कशावरून?" त्यात दोन साक्षीदारांची नावं. दोघांना वेगवेगळ्या घरात, एकाचं दुसऱ्याच्या कानावर पडू न देता विचारायचं. एकच मिळाला तर धडा थांबायचा. शिवाय "आमच्या चुका" असं एक पान होतं. चुकलेला धडा बाई पुसत नसत, चूक सांगून तिथे ठेवत. गडबचा तो शिक्षक शाळेत नेटवर्क नाही म्हणून रस्त्यावरच्या टपरीशी उभा राहून हे धडे उतरवून घ्यायचा. टपरीवालासुद्धा त्याला विचारायचा, "काय मास्तर, नवीन काय आलंय?"

आवाज माझा. पेणच्या शाळेत नकाशांची एक खोली आहे. गुंडाळलेले नकाशे चारही भिंतींना उभे, त्यामुळे आवाज घुमत नाही. तिथे बाई मला स्टुलावर बसवत आणि रेकॉर्डिंग सुरू केलं की बोट वर करत, "पाच सेकंद गप्प बस, नटोबा." पुढे आवाजाच्या कापाकापीला ती शांतता लागते म्हणे. माझ्यासारख्याला पाच सेकंद गप्प बसणं म्हणजे शिक्षाच.

आणि तिथेच मी माती खाल्ली. धडा होता खारबंदिस्तीचा. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला जुन्या काळी उधाणात खांड पडली, म्हणजे बांध फुटला, आणि गावाने तो बुजवला, एवढीच हकिगत. मला ती फारच सपक वाटली. मी त्यात एक हौसाबाई घातली. ती घराचं लाकडी दार उखडते, डोक्यावर घेऊन धावते आणि खांडीत उभं करून पाठीने रेटून धरते... काय बोललोय मी! बाईंचे डोळे भरले. मग पुसून म्हणाल्या, "कशावरून?" मी सरळ दोन म्हातारे रचले. एक रोह्याला दवाखान्यात भेटला, एक एसटीत. बाईंनी चौकटीत नावं लिहून घेतली. माझ्यावर विश्वास टाकून लिहिली.

हौसाबाई वणव्यासारखी पसरली. रोह्यापासून कोलाडपर्यंत पोरींनी स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याची दारं डोक्यावर घेतली. पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत मी! शेवटी तर धड्यातल्या त्या खाडीकाठच्या गावात खरोखरचं दार सापडलं. वाचनालयात टांगलं, हळदकुंकू वाहिलं, आणि नव्या कमानीला हौसाबाईचं नाव द्यायचं ठरलं. बाई मुलांची सहल घेऊन तिथे गेल्या. दाराच्या नव्या, कारखान्यातल्या बिजागऱ्यांवर बोट फिरवून आल्या आणि मला फोन केला.

"नटोबा, तुझे ते दोन म्हातारे मला भेटव."

मी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

"मला वाटलं, बाई, की असं झालं असेल..."

"वाटलं, हा पुरावा नाय. तू तिला जन्माला घातलीस, आता तूच गावात जाऊन सांग. कमान उभी राहायच्या आत."

मी हो म्हटलं आणि आज-उद्या करत राहिलो. टाळ्या सोडवत नव्हत्या, दुसरं काय! तोवर बाई आजारी पडल्या. शेवटचं भेटलो तेव्हा त्यांचा हात कागदासारखा हलका झाला होता. म्हणाल्या, "मी असेपर्यंत कर, असं नाय म्हणत. पण कर. त्या एका दारामुळे बाकीचे सगळे धडे खोटे पडतील." त्यानंतर नवव्या दिवशी त्या गेल्या.

तेरावं झालं आणि पुढच्याच रविवारी मी त्या गावच्या सभेत उभा राहिलो. जन्मात इतकं साधं कधी बोललो नाही. हौसाबाई नव्हती, दार नव्हतं, म्हातारेही नव्हते, तिन्ही माझेच. सरपंच लालबुंद झाले. "सर, कमानीचं नाव रंगवायला दिलंय! पाव्हणे सांगून झालेत!" मागून कोणीतरी ओरडलं, "नाटकवाल्याला बोलवलंच कशाला!" मी हात जोडून उभा. तेव्हा कोपऱ्यातून एक म्हातारी खदाखदा हसायला लागली. गावात तिला सगळे यमूआजी म्हणतात.

"मी म्हनतच व्हते! आरं, तवा दारं व्हती कुनाकडं? बांबूची ताटी व्हती घराला. ताटीनं काय पानी अडतंय?"

"मग आजी, आधी का नाय बोललात?" सरपंचांनी विचारलं.

"मला इचारलं कोनी? तुम्ही समदे दाराला हळद लावीत व्हता!"

मग तीच सांगू लागली. उधाण उतरल्यावर सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, हातोहात चिखलाच्या पाट्या पुढे गेल्या. तिची आई गरोदर, तरी रांगेतून हटली नाही. पोरांना बांधावर बसवून भाकऱ्या तिथेच वाटल्या. सरपंचांनी हळूच विचारलं, "आजी, रांगेत आमच्यातली कोन व्हती?" आजीने त्यांच्या पणजीचं नाव घेतलं, आणि तो गडी खालीच बसला.

लोक चहा घ्या म्हणत होते. मी चपला घातल्या. एकच साक्ष झाली होती. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला सोनीआजी राहते, गुडघ्यांमुळे सभेला न आलेली. तिच्या ओट्यावर बसून, काही न सुचवता, फक्त विचारलं, "बांध फुटला तेव्हा काय झालं, आजी?" ती म्हणाली, "बायांची रांग व्हती गो बाय..." समोर मी बसलोय हे विसरून ती कुठल्यातरी जुन्या मैत्रिणीशी बोलत होती. पाट्या, भाकऱ्या, बांधावरची पोरं... सगळं जुळलं. ते दार आता मूळ घरी, गोठ्याला बसलंय. कमानीवर काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये. रांगेतल्या बायांची यादी मोठी आहे.

मुख्याध्यापिकांनी मला नकाशांच्या खोलीची किल्ली दिलीय. मी दर शनिवारी जातो. खोटा धडा "आमच्या चुका"मध्ये नेला, माझ्या नावानिशी. त्याची न कापलेली फाईल उघडली तर सुरुवातीला शांतता. मग अगदी बारीक, बाईंचा आवाज, "हं, नटोबा. आता खरं खरं." आणि लगेच माझं ते दणदणीत खोटं सुरू होतं... मी हेडफोन काढून ठेवले.

मग नवा धडा बोललो. स्टुलावर बसलो, बटण दाबलं, आणि बोट वर करणारं कुणी नसताना पाच सेकंद गप्प राहिलो. हौसाबाई एकदाही आली नाही. चौकटीत दोन्ही आज्यांची नावं घातली आणि सुरुवातीची शांतता न कापता धडा साईटवर चढवला.

दुसऱ्या दिवशी गडबच्या त्या शिक्षकाचा टपरीवरून फोन. "सर, फाईलमध्ये गडबड हाय. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाय."

मी म्हटलं, "फाईल ठीक आहे. पाच सेकंद गप्प बस."