डोळे मिटून दिलेलं उत्तर

"आँखें बंद करके जवाब दीजिए," कॉम्प्युटरमधला साहेब म्हणाला. माझी नात सॉफ्टवेअरच्या नोकरीची मुलाखत देत होती. शेवटची फेरी. आधीच्या फेऱ्यांत तेच तेच विचारून तिला दोन महिने लटकवून ठेवलं होतं.

साहेबाला वाटलं, पोरगी बाजूला ठेवलेलं वाचून सांगते. मे महिन्याची दुपार होती. आवाज जाऊ नये म्हणून तिनं कूलर बंद केला होता. घाम डोळ्यांत उतरला की ती तोंड वळवून ओढणीनं पुसायची. तिनं तसं सांगितलं, तर म्हणाला, कॅमेरा फिरवून खोली दाखवा. दाखवली. पलंगावर मी सापडले, पाय प्लास्टरमध्ये.

"ये कौन है?"

"दादी हैं सर. चल नहीं सकतीं."

"काहून वं, मी सांगून राहिली का तुले उत्तरं?" मी म्हटलं. मी चौथी शिकलेली.

"आजी, चूप बस नं वं."

तरी साहेबाचं तेच, डोळे मिटा. तिनं मिटले. साहेबानं विचारलं, हजारो लोक एकाच वेळी रेल्वेचा एकच बर्थ मागतात आणि मध्येच मशीन बंद पडते, तर काय कराल?

मला वाटलं, आता रडते. ती बोलू लागली. पहिला कोण हे कसं ठरवायचं, बाकीच्यांना कुठं थांबवायचं, मशीन सुरू झाल्यावर अर्धं राहिलेलं काम कुठून उचलायचं. बोटांनी हवेत एकेक वस्तू ठेवल्यासारखी मांडत होती. मध्येच "रुकिए" म्हणाली, मांडलेलं मोडलं, पुन्हा मांडलं. घाम हनुवटीवरून टपकत होता, हात तिकडे गेला नाही. इंग्रजी शब्द मला कळले नाहीत. पण एवढी माणसं तिच्या कपाळामागे उभी होती आणि ती कुणाला कुणावर पडू देत नव्हती, हे मला दिसलं. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली. असं कधी पाहिलं नव्हतं. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

तिचं सांगून झालं. मग साहेब म्हणाला, "ठीक है, बता देंगे."

पंधरवड्यानं मेल आला. ती जागाच रद्द झाली होती.

"रद्दच करायची होती तं डोळे कायले मिटवले पोरीचे?"

"जाऊ दे नं आजी. सोमवारी दुसरीकडं आहे."

हे सगळं सोसलं ते माझ्या नातीनं. मी पलंगावरून नुसतं पाहिलं.