कृष्णवेणीची शाळा आणि एक निनावी पत्र

बुधवारी सकाळी कोपऱ्यावरच्या कन्नड शाळेचा शिपाई गेटाशी एक चिठ्ठी देऊन गेला, आणि कृष्णवेणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठी कन्नडात, दोनच ओळींची. ‘तुमच्या घरासंबंधी आमच्याकडे एक पत्र आलं आहे. दुपारी तीन वाजता येऊन भेटावं.’ खाली हेडमिसची सही.

“तक्रार!” ती म्हणाली. “केलीच शेवटी कुणीतरी तक्रार!”

घरात त्या वेळी अपूर्णांकांचा तास चालू होता. म्हणजे ओट्यावर इडलीचं पीठ होतं, आणि अकरा वर्षांची वरलक्ष्मी नि आठ वर्षांचा हयग्रीव, दोघं ते पीठ पातेल्यात किती बोटं वर आलं ते मोजून वहीत मांडत होती. मैसूरातल्या विजयनगरच्या त्या गल्लीत पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवणारं हे एकच घर. पाच वर्षं झाली होती, आणि पाच वर्षं कृष्णवेणी त्याचा जाब देत होती. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, लग्नामुंजीत भेटणाऱ्या लांबच्या मावशांना. “पोरांना घरीच ठेवलंयस म्हणे? का गे, काही कमी आहे का त्यांच्यात?” असं एकीनं भर पंगतीत विचारलं, तेव्हा कृष्णवेणीनं पायसाचा द्रोण खाली ठेवला आणि म्हणाली, “हो, भोचकपणा कमी आहे. तेवढा शिकायला तुमच्याकडे पाठवीन की!” त्या मावशी त्यानंतर तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि कृष्णवेणीला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते घोटभर पाण्यावरून. वरू तेव्हा पहिलीत होती. टाय, बूट, पिवळी बस, सगळा थाट असलेली इंग्रजी शाळा. पोरीला तहान लागली. ती म्हणाली, “मिस, पाणी पाहिजे.” घरात बोलतात तसं, मराठीत. मिसनं इंग्रजीत मागायला सांगितलं. घाबरलेल्या पोरीला ते आठवेना. मग काय केलं असेल त्या बाईनं? पाणी न देता तिला व्हरांड्यात उभं केलं, तासभर! सहा वर्षांच्या लेकराला! अशा बाईला शिक्षिका म्हणायचं तरी कसं?

कृष्णवेणी स्वतः दुसऱ्या एका शाळेत बारा वर्षं गणित शिकवत होती. दुसऱ्या दिवशी ती जाऊन प्रिन्सिपॉलला नाही नाही ते सुनावून आली, येताना वरूचा दाखला घेऊनच आली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या नोकरीचा राजीनामा दिला. नवरा प्राणेश विमा कंपनीत, स्वभावानं गरीब. तो एवढंच म्हणाला, “वेणी, थोडा विचार कर की.”

“केला,” ती म्हणाली. मग हयग्रीव मोठा झाला तेव्हा त्याला शाळेत घालायचा प्रश्नच आला नाही.

आणि तिनं शिकवलं, हे कुणालाही मान्य करावंच लागेल. येलवालला जाताना बसच्या तिकिटावरून पोरं अंतर काढायची. सोसल्याला मठात गेलं की दर्शन आटोपून नदीकाठी वाळूचे, गाळाचे नमुने पिशव्यांत भरायची. शनिवारी तळ्यावर पक्षी. घरात मधली सुट्टी अशी नव्हतीच, कारण फोडणी घालता घालताही पाढे चालू असायचे. एक नियम मात्र कधी मोडला नाही. ज्या भाषेपायी पोरीला तहानेलं ठेवलं, ती मराठी या घरात रोज पानभर लिहायची. अर्थात कन्नड अक्षरांत. मैसूरच्या त्यांच्या घराण्यात मराठी तशीच लिहीत आले होते. आजेसासूबाईंच्या लोणच्याच्या मापांपासून सोयऱ्यांच्या पत्रांपर्यंत सगळी मराठी कन्नड अक्षरांत. ते रोजचं पान कृष्णवेणी रात्री लाल पेननं तपासायची, एकही पान सोडायची नाही.

तर अशा घराविरुद्ध तक्रार! कुणी केली असेल याचा तिला फार विचार करावा लागला नाही. शेजारच्या शकुंतलाबाई. रोज सकाळी गेटाशी रांगोळी घालताना त्यांचा एकच प्रश्न, “इवत्तूही शाळा नाही का पोरांना?” आज नाही, काल नाही, उद्याही नाही, हे पाच वर्षं ऐकूनही त्या रोज विचारत. कृष्णवेणीनं ओढणी कमरेला बांधली आणि तरातरा कंपाउंडच्या भिंतीशी गेली.

“शकुंतलाबाई! काय विचारायचं ते तोंडावर विचारायचं होतं. शाळेत पत्र कशाला धाडलंत?”

शकुंतलाबाईंच्या हातात निवडायची सोप्पू होती, ती पालेभाजी तशीच राहिली. “मी? पत्र?”

“नाहीतर कोण? पोरं माझी, शिकवते मी, आणि झोप तुमची उडते! अय्यो, एवढं काय खुपतं हो तुम्हाला?”

शकुंतलाबाई तिच्या आईच्या वयाच्या. त्यांचे पणजोबा राजाच्या घोडदळात होते, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. त्या ताठ उभ्या राहिल्या. “हे बघ कृष्णवेणी, मला बोलायचं असतं तर इथं, या भिंतीशी बोलले असते. मागून पत्रं लिहायची रीत आमच्या घरात नाही. आणि मी रोज विचारते ते तुला टोचायला नाही. ती पोर साडेअकराला गच्चीवर येऊन शाळेकडे बघत उभी असते, म्हणून विचारते.”

“ती पक्षी बघते!” कृष्णवेणी म्हणाली आणि फणकाऱ्यानं आत निघून आली.

दुपारी ती फाईल घेऊन निघाली. फाईलमध्ये काय नव्हतं! पाच वर्षांच्या वह्या, मातीचे तक्ते, पक्ष्यांच्या याद्या, कायद्याच्या कलमांच्या झेरॉक्स. वाटेत तिनं मनात सगळं भाषण जुळवलं. कोणत्या वाक्याला थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं. विचारा तर खरं, म्हणावं, माझ्या पोरांना काय येत नाही ते!

हेडमिस मात्र भांडायच्या तयारीत दिसल्या नाहीत. चष्मा लावलेल्या, दमलेल्या, कन्नडात हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि एक निळं अंतर्देशीय पत्र टेबलावर ठेवलं.

“मॅडम, तुम्हाला बोलावलं ते मदतीसाठी,” त्या म्हणाल्या. “हे पत्र आठवड्यापूर्वी आलं. अक्षरं आमचीच, कन्नड. पण वाचलं तर एक वाक्य कळेल तर शपथ. आमच्या एका टीचरना तेलुगू येतं, एकींना तुळू. त्यांनाही लागेना. नाव नाही, पण कोपऱ्यात घरनंबर आहे, तुमचा. अक्षर लहान मुलाचं. आणि ‘अम्मा’ हा शब्द चारदा आलाय, म्हणून मला काळजी वाटली.”

कृष्णवेणीनं पत्र उचललं. पत्ता उजव्या कोपऱ्यात, समास सोडलेला, प्रत्येक वाक्यानंतर बोटभर जागा. तिनंच शिकवलेलं होतं हे सगळं. अक्षर वरूचं होतं.

‘नमस्कार. मला तुमच्या शाळेत यायचं आहे. माझं वय अकरा. मला अपूर्णांक येतात आणि एक्केचाळीस पक्ष्यांची नावं येतात. आमच्या घरात मी नेहमी पहिली येते. पण दुसरा माझा भाऊ आहे आणि तो आठ वर्षांचा आहे. म्हणून मी हुशार आहे का ते मला माहीत नाही. तुमची मधल्या सुट्टीची घंटा आमच्या गच्चीवर ऐकू येते. मग मुलं ओरडतात. ती का ओरडतात ते मला बघायचं आहे. आमच्या अम्माला सगळं येतं. पण अम्मा चुकली तर तिला सांगणारं घरात कुणी नाही. हे पत्र अम्माला दाखवू नका. मला इंग्रजीत पाणी मागता आलं नाही म्हणून अम्मानं नोकरी सोडली. ती माझी चूक होती. आता मला पाणी तीन भाषांत मागता येतं.’

तिनं पत्र एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. इतकी वर्षं ती समजत होती की त्या दिवसाचा अपमान आपण पोरीच्या अंगावरून पुसून टाकला. आणि पोर तो एकटीच, चूक म्हणून वागवत होती! रागानं तिचे कान तापले. पण त्या मिसवर रागवावं तर ती कधीच मागे पडली होती. शकुंतलाबाईंवर रागवायला आता तोंड नव्हतं. समोरच्या बाईंनी तर पाणी विचारलं होतं.

“काय लिहिलंय?” हेडमिसनी विचारलं.

त्या खोलीत ते पत्र वाचून समजणारी ती एकटीच होती. ती जे सांगेल तेच त्या पत्रात लिहिलेलं असणार होतं. आणि खरं सांगितलं तर पाच वर्षं उभी केलेली तिची शाळा त्या टेबलावर संपणार होती.

“हा... हा सराव आहे,” कृष्णवेणी म्हणाली. “पत्रलेखनाचा. मीच लिहायला लावलं होतं, चुकून पोस्टात पडलं. मराठी आहे. आमच्यात असंच लिहितात.”

“सद्य, देव पावला!” हेडमिस सुटल्यासारख्या हसल्या. “मी काय काय मनात आणत होते!” त्यांनी आवक पत्रांची मोठी वही ओढली आणि रकान्यात लिहिलं, ‘विद्यार्थिनीचा लेखनसराव. पत्र मराठीत. पालकांनी अर्थ सांगितला. कारवाई नको.’ वही फिरवून तिच्यापुढे केली. “इथं एक सही करा, मॅडम.”

कृष्णवेणीनं पेन टेकवलं. ‘कारवाई नको’ या दोन शब्दांवर तिची नजर अडकली. पाच वर्षं ती अख्ख्या मैसूरशी भांडली ती एकाच गोष्टीवरून, की पोर आपल्या भाषेत काही मागते आणि समोरची मोठी बाई तिचं ऐकून घेत नाही. आणि आज? आज ती मोठी बाई कोण? तिला स्वतःचा असा संताप आला की पेन हातातून टेबलावर आपटलं.

“थांबा,” ती म्हणाली. “मी खोटं सांगितलं.”

मग तिनं ते पत्र कन्नडात वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक शब्द न गाळता. ‘अम्माला दाखवू नका’ हेही वाचलं. पाण्याच्या वाक्याला तिचा आवाज फुटला, तेव्हा हेडमिसनी नुसता तो पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. कृष्णवेणीनं तो घेतला नाही.

वाचून झाल्यावर हेडमिस म्हणाल्या, “मुलीला घेऊन या उद्या. एक लहानशी चाचणी घेऊ. आणि फाईलला लावायला तिच्या हातचा अर्ज हवा, कन्नडात.”

“चाचणी कसली?” कृष्णवेणी कडाडली. “सातवीचं गणित येतं तिला! आणि तहान लागली तर कुठल्याही भाषेत पाणी मिळालं पाहिजे, हे आत्ताच सांगून ठेवते.”

“मिळेल,” हेडमिस म्हणाल्या आणि वहीतली ओळ त्यांनी खोडली.

घरी परतताना ती आधी शकुंतलाबाईंच्या दाराशी गेली. “मी चुकले,” एवढंच म्हणाली. शकुंतलाबाईंनीही “हौदु, हो, चुकलीस,” एवढंच म्हटलं आणि तिला आत बोलावलं नाही. तेही रास्तच होतं.

वरू दारातच होती. अम्माच्या हातातलं निळं पत्र दिसताच तिचा चेहरा उतरला.

“तारीख कुठंय?” कृष्णवेणी गरजली. “पत्राला तारीख घालावी म्हणून हजारदा सांगितलंय ना? आणि हे काय, म्हणे अम्मा चुकली तर! कुठं चुकले गे मी? सांग, कुठं चुकले?”

वरूनं नजर फरशीकडे वळवली. मग म्हणाली, “मला त्या शाळेतनं काढलंस, तेव्हा मला विचारलं नाहीस.”

हयग्रीव स्वयंपाकघराच्या दारात येऊन थिजला होता. अम्मा आता काय करते ते त्याला कळेना. कृष्णवेणीलाही कळेना. ती मटकन खुर्चीत बसली.

“ती तुझी चूक नव्हती,” ती म्हणाली. आवाज अजून रागातलाच होता, तिला दुसरा सापडेना. “पाणी मागणं ही चूक नसते. ऐकलंस? कधीच नसते. चुकली ती बाई. आणि मग मी.”

वरू रडायला लागली. कृष्णवेणीनं तिला जवळ ओढलं, डोळे पुसले, आणि टेबलावर कोरा कागद ठेवून तिच्या हाती पेन दिलं. “बस. परत लिही. कन्नडात लिही, त्यांना वाचता येईल असं. काय पाहिजे ते सगळं लिही.”

एवढं बोलून ती उठली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली.

“झालं की घडी घालून पाकिटात घाल,” ती म्हणाली. “मी बघणार नाही.”

“आणि चुका असल्या तर?” वरूनं विचारलं.

“असू देत,” कृष्णवेणी भिंतीकडे बघत म्हणाली. “तिथल्या मिस सांगतील की तुला.”