कौलं कोणी बसवली?

फकिरा माझा धाकटा दीर. आठवडाभर शेतकऱ्यांचे मोटारपंप दुरुस्त करतो आणि रविवारी देवाचं वचन सांगतो. सांगायचा, असं म्हणायला हवं. आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या पुढे, नदीच्या अलीकडच्या काठाला, पलीकडे महाराष्ट्र. आमचे आजेसासरे तिकडूनच इकडे आले आणि मिशनच्या काळात मेथडिस्ट ख्रिस्ती झाले. गावात आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, मोजकीच घरं. उपासना व्हायची ती आमच्याच अंगणातल्या कौलारू खोलीत. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बालाघाटला राहतात आणि त्यांच्याकडे उपासनेची आणखीही ठिकाणं आहेत, म्हणून ते महिन्यातून एखादा रविवार यायचे. बाकीचे रविवार फकिराचे असायचे.

त्याचं सांगणं ऐकण्यासारखं होतं, हे मी भावजय असूनही कबूल करते. पोत्यावर मांडी घालून बसायचा, बायबल मांडीवर मिटलेलं, आणि आपल्या घरच्या बोलीत गोष्ट सुरू. दाराशी भिंतीला टेकून मैनाआजी बसलेली असायची. ही माझ्या नवऱ्याची चुलत आजी, मंडळीतली सगळ्यात जुनी. ती प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायची, "हौ", "हौ, मंग?" आमच्याकडे खळ्यावर धानाच्या राखणीला बसलं की गोष्टी चालतात, आणि हुंकाराशिवाय कोणी गोष्ट सांगत नाही. हुंकार थांबला की ऐकणाऱ्याचं मन उडालं असं समजून सांगणारा उठून जातो. ही खळ्यावरची रीत मैनाआजीने उपासनेत कधी आणली ते कोणाला आठवत नाही. आम्हाला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं.

तिची आवडती गोष्ट लकवा मारलेल्या माणसाची. येशू ज्या घरात आहे तिथे मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून चौघं मित्र त्याला खाटेसकट छपरावर चढवतात, कौलं काढतात आणि येशूने बरं करावं म्हणून दोरीने खाली त्याच्यापुढे सोडतात. फकिरा कौलांपाशी आला की मैनाआजी त्याला हटकून अडवायची, "अन् मंग कौलं कोनं बसवली?" तो म्हणायचा, "बसवली असतील येशूनंच. सुतारच होता तो." पोरं हसून लोळायची. मग आजी समाधानाने म्हणायची, "हौ, मंग सांग पुढं."

गेल्या वर्षी धान निघाल्यावर पाळकसाहेबांबरोबर डी.एस. साहेब आले. डी.एस. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या पाळकांवरचे अधिकारी. माणूस सरळ, गोड बोलणारा. त्यांनी समजावून सांगितलं की यापुढे प्रत्येक लहान ठिकाणी शिकलेला पुढारी हवा. जिथे तो नसेल ते ठिकाण बालाघाटच्या मंडळीत जोडलं जाईल. जोडलं जाईल म्हणजे आमच्यासाठी बंदच होईल. आमच्या म्हाताऱ्यांना दोन बस बदलून बालाघाटला कोण नेणार? पण साहेबांनी वाटही दाखवली. जबलपूरला साध्या सभासदांसाठी प्रशिक्षण होतं, राहणं-खाणं फुकट. सगळ्यांचे डोळे फकिराकडे वळले, कारण नववीपर्यंत शिकलेला आमच्यात तोच होता.

तो दुकानाला कुलूप लावून गेला. जाताना मी मुरमुऱ्याचा चिवडा बांधून दिला. फोन रोज यायचा आणि आवाजात नुसता उत्साह. बायबलातलं कोणतं पुस्तक कोणी लिहिलं, उपासनेचा क्रम कसा असतो, संदेशाचे, म्हणजे प्रवचनाचे, तीन भाग कसे पाडायचे, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी नीट सांगत होतं. एकदा म्हणाला, "वहिनी, मी आतापरेंत डोये मिटून गाडी चालवून राह्यलो होतो." मला अभिमान वाटला. आता आमचं ठिकाण वाचलं, असंच सगळे धरून चाललो होतो.

तो आला आणि खोलीचं रूप पालटलं. पोतं गेलं, उभं राहून बोलायला लाकडी स्टँड आला, त्यावर पांढरं कापड. पहिल्याच रविवारी त्याने हात जोडून विनंती केली की संदेश चालू असताना कोणी बोलू नये, वचन शांतपणे ऐकणं हाच देवाचा मान. मैनाआजी म्हणाली, "हौ." तो तिचा शेवटचा हौ.

मग तो पुस्तकी हिंदीत बोलू लागला. त्याला शिकवलं हिंदीत, तेव्हा त्याच्या तोंडी तीच बसली. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा. बाजारात आम्ही सगळेच हिंदी बोलतो, पण ही हिंदी इस्त्री केलेली होती. सवयीने मैनाआजीचं तोंड उघडलं, तिने पटकन पदर तोंडावर धरला. त्यानंतर दर रविवारी ती तशीच बसायची, तोंडावर पदर दाबून, एखाद्याच्या घरी खोकला आवरत बसावं तशी.

मी त्याला टोमणा मारला, "भाऊजी, जबलपूरहून उपदेशक होऊन आले का मास्तर?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला. म्हणाला, लोकांनी शिकलं पाहिजे, नाहीतर आपलं ठिकाण जातं. त्याला भीती बसली होती, आणि भ्यालेल्या माणसाला काय समजावणार?

आधी पोरं यायची बंद झाली. मग प्रेमलालच्या घरची माणसं. प्रेमलाल तोंडावर म्हणाला की असे संदेश मोबाइलवर मोठमोठ्या उपदेशकांचे ऐकायला मिळतात, त्यासाठी खोलीत कशाला बसायचं? खोटं नव्हतं ते. फकिराला वाटलं आपलंच शिक्षण कमी पडतंय. त्याने संध्याकाळचा फोनवरचा वर्ग धरला. पाण्याच्या टाकीपाशी नेटवर्क येतं, तिथे उभा राहून तो शिकायचा. जितका शिकत गेला तितकी खोली रिकामी होत गेली. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त कीव यायची.

उन्हाळ्यात डी.एस. साहेब पुन्हा आले. फकिराने त्या दिवशी असा संदेश दिला की एक शब्द अडखळला नाही. ऐकायला साहेब, पाळकसाहेब, आम्ही नवराबायको आणि पदर धरून बसलेली मैनाआजी. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मग अंगणात चहा घेताना जड आवाजात म्हणाले की पुढारी तर छान तयार झाला, पण मंडळीच उरली नाही. पुढच्या महिन्यापासून हे ठिकाण बालाघाटला जोडावं लागेल. फकिराला तिथे अधूनमधून संदेश द्यायची संधी देऊ, असंही म्हणाले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि भांडायला समोर कोणी वाईट माणूसही नव्हता.

साहेब गेल्यावर फकिरा खोलीच्या पायरीवर बसून राहिला. मी विचारलं, जबलपूरला इतकं शिकवलं, पण तुमच्या गावी उपासना कशी चालते हे कोणी विचारलं नाही का?

"इचारलं होतं, वहिनी. पयल्याच दिवशी. मी सांगलं, लोक चूपचाप बसून आयकतात. मले लाज वाटली. खळ्यावरचा हुंकार तिथं कसा सांगू?"

त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटच्या रविवारी तो घरोघरी जाऊन हात जोडून आला. शेवटचं म्हणून सगळे आले, प्रेमलालही, पोरंही. स्टँड त्याने स्वतः उचलून बाहेर ठेवला होता. पोतं अंथरून मांडी घातली, बायबल मिटून मांडीवर, आणि घरच्या बोलीत लकवा मारलेल्या माणसाची गोष्ट सुरू केली. पोरं पुढे सरकून बसली. मला खरंच वाटलं, आता आजी बोलेल, खोली पूर्वीसारखी हसेल, आणि कोण जाणे, मंडळी पुन्हा जमली हे साहेबांच्या कानावर घालता येईल.

"अन् त्यायनं कौलं काढली," फकिरा म्हणाला आणि थांबला.

सगळे मैनाआजीकडे पाहू लागले. तिच्या तोंडावर पदर होता.

"त्यायनं कौलं काढली, आजी." तो तिच्याकडे सरकला. "इचार नं वं, कौलं कोनं बसवली."

आजीने पदर जरासा खाली केला. डोळे भरलेले होते. "नाही, बापा," ती हळू म्हणाली. "तू शिकून आला. आमी अडानी लोक मधी मधी बोलत गेलो, म्हनूनच तं सायबानं हे बंद केलं." आणि पदर पुन्हा तोंडावर धरला.

इतके दिवस ती हे मनात धरून बसली होती आणि आमच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं. फकिराने तिच्या तोंडावरच्या पदराकडे पाहिलं. मग हुंकार थांबल्यावर सांगणारा उठतो तसा उठला, बायबल माझ्या हातात दिलं आणि अंगण ओलांडून निघून गेला.

आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. लकवा मारलेला तो माणूस छप्पर आणि जमिनीच्या मध्ये दोरीवर लटकत राहिला, आणि त्याला खाली उतरवायला आमच्यात कोणी उरलं नव्हतं.