विहिरीवरचं इंजिन

"बाई, जरा तिकडं तोंड करा."

भर पाण्यात होडीचं इंजिन बंद पडलं की तात्या मला आधी हे सांगायचे. मी पाण्याकडे तोंड करून बसायची. मग मागे इंजिनाला शिव्या सुरू व्हायच्या. शिव्या डोळ्यांनी ऐकत नाहीत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. बाईमाणसासमोर शिवी द्यायची नाही हा त्यांचा नियम होता आणि तो ते आपल्या परीने पाळत.

नव्वदच्या दशकात मी पळसदेव भागात नर्स होते. उजनीच्या फुगवट्यापलीकडे एका टेकाडावर आठ-दहा घरांची वस्ती होती. पूर्वी मेंढरं राखणारी माणसं. धरणात खालची जमीन गेली, टेकाड राहिलं. रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा आणि शेवटी चिखल. म्हणून तात्यांची होडी. लशींचा डबा मांडीवर घेऊन मी तिच्यातून जायची. शाळेची पोरं, दळणाची पोती, आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच. "होडी हाय तवर वस्ती हाय," असं तिथलं कुणीही सांगायचं, अगदी आज बाजार आहे म्हणून सांगावं तसं.

होडी लाकडी होती. पूर्वी चौघंजण वल्ही मारत. मग पोरं कुणी सोमेश्वरनगरला कारखान्यात, कुणी बारामतीला कामाला लागली. वल्ह्यांना हात उरले नाहीत. तेव्हा एका शेतकऱ्याने विजेची मोटर बसवून बाजूला काढलेलं विहिरीवरचं डिझेल इंजिन तात्यांनी आणलं आणि होडीत बसवलं.

घोळ झाला तो इथे. विहिरीवर इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बसतं. कितीही थरथरलं तरी ओट्याचं काय जातं? होडीत ओटा कुठून आणणार? बोल्ट घट्ट आवळले की सगळी थरथर फळ्यांत उतरायची, फटी उघडायच्या आणि पाणी आत यायचं. बोल्ट सैल ठेवले की इंजिन नाचायचं आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा अडकून होडी जागच्या जागी थांबायची. मी त्यांना ओळखत होते ती सगळी वर्षं तात्या या दोन्हींच्या मधली जागा शोधत होते. हातात पाना, आणि तोंडात एकच वाक्य: "पाव आटा ढिला करून बघतो."

इंजिनाखाली त्यांनी टायरचं रबर घालून पाहिलं, गोणपाटाच्या घड्या घातल्या. एकदा घरातली वाकळ घातली. त्या दिवशी त्यांची बायको तरातरा काठावर आली.

"माझी वाकळ कुठं हाय?"

"इंजनाखाली. त्याला बसाया मऊ लागतंय."

"आन् मला?"

"तू कुठं थरथरतीस?"

वाकळ डिझेलने भिजून गेली होती, तिने ती परत नेली नाही. नंतर महिनाभर ती नवऱ्याला जेवायला बोलवायची ते "इंजनवाले, चला" असं म्हणून.

त्या होडीत बसणाऱ्याचे हात मोकळे राहत नसत. तेलाचे कापलेले डबे ठेवलेले असायचे. बसलं की एक उचलायचा आणि पाणी उपसायला लागायचं. त्यात सरपंच आणि शाळेचं पोर असा भेद नव्हता. नवीन आलेला माणूस घाबरायचा. तात्या म्हणायचे, "येतंय तेवढं जातंय. भ्या कशाला?" उन्हाळ्यात होडी काठावर ओढून ते फटींत सुतळी ठोकत, वर डांबर ओतत. पावसाळा सरेपर्यंत इंजिन ती सुतळी पुन्हा बाहेर काढत असे.

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. ओळखीतून वालचंदनगरला राहणारा एक फिटर मी तिथे घेऊन गेले. त्याने तासभर खाली वाकून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "मामा, इंजिन काढा. नाहीतर ही होडी तुमच्या हातात राहत नाही."

"काढतो की. वल्ही मारायला कोण? तुमी येता?"

फिटर चहा पिऊन निघाला. तो खरं बोलला होता. तात्याही खरं बोलले होते. माझ्या कामात तापाला गोळी असते, जखमेला पट्टी असते. इथे दोघांचंही बरोबर होतं आणि होडी गळतच होती. तुमच्याही पाहण्यात असं एखादं दुखणं असेल, ज्यावर सगळे उपाय माहीत असतात आणि एकही लागू पडत नाही.

मग एका पावसाळ्यात वाऱ्यात होडी अर्धी भरली. आत शाळेची पोरं होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या आठवड्यात एका घराने बिऱ्हाड हलवलं. पाठोपाठ दुसऱ्याने. दिवाळीनंतर उरलेल्यांनीही उठायचं ठरवलं. बैठकीला तात्या एवढंच म्हणाले, "एक उन्हाळा द्या. सगळा तळ नवा घालतो." कुणी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी घरांवरचे पत्रे उतरायला लागले.

शेवटच्या खेपेला मी होडीत होते. सकाळी उरलेल्या पोरांना डोस दिले आणि त्यांच्याबरोबरच परत निघाले. घरांची दारं, पत्रे, भांड्यांची बोचकी, कोंबड्या, माणसं. तात्यांचा थोरला मुलगा सोमेश्वरनगरहून मदतीला आला होता. आई-वडिलांना तो आपल्याकडे नेणार होता.

मध्यावर पायाखालची फट उघडली. पाणी डब्यांना आवरेना. चालू इंजिनाने फट वाढत होती, म्हणून तात्यांनी ते बंद केलं. एकदम शांत झालं. मग बायकांनी बोचकी सोडली. पातेली, पराती, कळशा बाहेर आल्या. मी लशींच्या डब्याचं झाकण घेतलं. पुरुषांनी दारांच्या फळ्या उचलल्या आणि दोन्ही अंगांनी पाणी मागे लोटायला सुरुवात केली. होडी हलली. हळू, पण सरळ चालू लागली.

तात्या बंद इंजिनाशेजारी उभे होते. करायला काही नव्हतं. ते एकेकाच्या हातांकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "एवढी माणसं रोज असती, तर इंजन लागलं असतं व्हय?"

मी पाणी उपसत राहिले.

काठावर ट्रॅक्टर उभा होता. सामान ट्रॉलीत चढलं, माणसं चढली. तात्या रिकाम्या होडीत एकटेच पाणी उपसत होते.

"तात्या, आता कशाला? उद्यापर्यंत पुन्हा भरणारच ती," मी म्हटलं.

"भरंल की," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुलाने वरून "तात्या, चला की!" म्हणून दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही. चपला काढून तो पाण्यातून होडीत चढला आणि एक डबा उचलला.

माझी एसटी चुकत होती. मी निघाले, तेव्हा दोघंही वाकलेलेच होते.